पद्याच्या छातीतला कुबट वास

या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी वाचते, पण खरं सांगायचं तर पटत कधीच नव्हते. नेरच्या शाळेत विज्ञान शिकवते मी... स्वतःवर वेळ आली म्हणून लिहितेय.

माझा धाकटा भाऊ प्रदीप — आमचा पद्या — वणीला राहतो. त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, तेव्हा माझी एक त्याला दिली. वर्षभर बरं चाललं. मग एका दुपारी वर्गातच मला वास आला. भिजून सडलेल्या सोयाबीनच्या पोत्यांसारखा, कुबट. मुलांना विचारलं, कुणालाच येत नव्हता. मला येत होता, हेच नवल. कोरोना झाल्यापासून मला कसलाच वास येत नाही — भाजी करपली तरी कळत नाही.

संध्याकाळी पद्याचा फोन. "ताई, मले ताप येऊन राह्यला. खोकलाही हाय."

आधी डॉक्टरांनी वणीच्या खाणींतल्या कोळशाच्या धुळीवर ढकललं, मग टीबीच्या गोळ्या झाल्या. ताप हटेना. नागपूरला नेलं. स्कॅनमध्ये फुप्फुसावर डाग, पण थुंकीच्या तपासणीत काहीच नाही. पोरगं डोळ्यांदेखत वाळत चाललं होतं, आणि तो वास माझ्या नाकातून जात नव्हता.

शेवटी लाज सोडून छातीच्या डॉक्टरांना सांगितलं, "सर, मला बुरशीचा वास येतोय."

ते हसले नाहीत. म्हणाले, "शंका मलाही आहे. पण बुरशीचं औषध किडनीला जड जातं, अंदाजाने कसं देऊ? दुर्बीण घालून फुप्फुसातला स्राव तपासायचा, तर ऑक्सिजन कमी आहे. टेबलावरच काही झालं तर?"

"असाही चाललाच आहे ना तो..."

त्यांनी स्कॅन पुन्हा उजेडाला धरला. "वासावरून नाही, ताई. दुसरा रस्ता उरला नाही, म्हणून करतो."

बुरशीच निघाली.

"किडनी गेली तर जाऊ द्या," मी म्हटलं. औषध सुरू झालं. हळूहळू ताप उतरला. पण एका सकाळी डॉक्टरांनी सांगितलं, मी दिलेली किडनी बंद पडली. मी पद्याच्या कॉटजवळ उभी होते... आणि त्याच क्षणी वास थांबला.

पुढे घरी आल्यावर त्याला हे सगळं सांगितलं.

"ताई, म्हणजे तुही किडनीच तुले सांगून राह्यलती काय?"

त्याचं डायलिसिस पुन्हा सुरू झालंय, पण तो आहे. आणि माझी भाजी करपली तरी मला अजूनही कळत नाही.