सिस्टर रजेवर आहेत

मोगऱ्याचं रोप घ्यायला एका वयस्कर गृहस्थांनी हात पुढे केला आणि माझी नजर आपोआप त्यांच्या हातावरच्या शिरेवर गेली. बावीस वर्षं नर्स होते मी. झाडांच्या वेडापायी नोकरी सोडून ही रोपवाटिका काढली, तरी डोळ्यांची सवय काही जात नाही.

"सिस्टर, तुम्ही इथे?" त्यांनी विचारलं, तेव्हा मीही त्यांना ओळखलं. त्यांच्या पत्नीला दर आठवड्याला सलाईन लागायचं. शिरा इतक्या नाजूक, की सुई माझ्याच हातून नीट जायची.

"काकू कशा आहेत?"

"गेली, दिवाळीच्या आधी. शेवटी फार टोचलं तिला. नव्या मुलींना शीर सापडायची नाही. रोज विचारायची, त्या सिस्टर कधी येणार? मी सांगायचो, रजेवर आहेत, येतील."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर बरं वाटलं असतं. मन मारून किती दिवस जगायचं, असं मी नोकरी सोडताना घरात सगळ्यांना ठणकावून सांगितलं होतं. पगाराचा, पेन्शनचा, लोकांच्या बोलण्याचा, सगळा विचार केला होता. कुठल्याशा खाटेवर कुणी आपली वाट बघत पडलेलं असेल, हे मात्र मनातही आलं नव्हतं.

रोप पिशवीत ठेवून ते निघाले. फाटकाशी थांबून म्हणाले, "बरं केलंत सिस्टर. माणसानं मनासारखं करावं."

ते अगदी मनापासून बोलत होते. मला मान वर करता आली नाही.