जाणाऱ्या गाडीचं रबर

मधुमेहानं नजर अधू झाल्यामुळे बाबांना आता गाडी चालवता येत नाही, म्हणून आम्ही ती विकली. नवे मालक संध्याकाळी न्यायला येणार होते आणि बाबा दुपारपासून पुढच्या काचेभोवतीचं रबर बदलत होते. सोलापूरच्या उन्हानं जुनं रबर पार वाळून भेगाळलं होतं. ओढलं की तुकडे हातात येत.

“बाबा, व्यवहार झालाय. आता कशाला?” मी म्हटलं.

“त्यांचं बाळ लहान आहे गं. पावसात त्याच्या अंगावर पाणी गळायला नको.”

खाच पुसून, साबणाचं पाणी लावून ते नवी पट्टी बोटांनी चाचपत बसवत होते. मी कोपरे दाबून धरले. आपल्या माणसांसाठी आपण किती काय काय जपतो. पण ज्यांची नावंही धड लक्षात नाहीत, त्यांच्या पावसाची काळजी करावी, हे मला सुचलं नसतं.

संध्याकाळी ते जोडपं आलं. काचेकडे त्यांचं लक्षही गेलं नाही आणि बाबांनीही काही सांगितलं नाही. गाडी वळणाआड गेली, तसे ते हात धुवायला आत वळले.

“चहा टाक,” म्हणाले, “आणि आज चमचाभर साखर घाल.”