वजन तेवढंच

"सुकडी मेंढरांना घालतेस का गं?"

डॉक्टरीणबाई हे मोठ्यानं म्हनल्या. मी काट्यावर उभी. सातवा महिना. बाकड्यावर बसल्याली बायकांची रांग, त्यातल्या दोघी-तिघी फिसकन हसल्या.

मागल्या महिन्यात जेवढं वजन भरलं हुतं, तेवढंच आता भरलं. पोट वाढलं, वजन न्हाई. म्हंजे मी चोर. अंगनवाडीतनं पोटुशीला मिळनारी सुकडी, पोटातल्या पोराचं खानं, जनावराच्या तोंडात घालनारी.

नव्वद सालाच्या पुढची ही गोष्ट. म्हसवडच्या पल्याड माळावर आमची वस्ती. आमी मेंढरं राखनारी मानसं. माझं मालक मेंढरं घेऊन सांगलीकडं, कृष्णाकाठच्या रानात बसवायला गेल्यालं. घरी मी आन माझी सासू, दोघीच. तिला मी आत्ती म्हनायची.

आत्तीला तो काटा पयल्यापासनं पटला न्हवता. "गाभन मेंढीचं कुनी वजन करतं व्हय?" म्हनायची. "तिच्या पाठीवरनं, कासंवरनं हात फिरवायचा. समदं कळतं. वजन करत्यात ते कापायला न्यायच्या बोकडाचं." तिच्या बोलन्यानं माझ्या बी मनात पाल चुकचुकायची. तरी मी दर महिन्याला जायची. माझं पयलंच हुतं. मला ते जगवायचं हुतं.

दवाखान्यात भिंतीवर ताटाचं चित्र. दूध, अंडी, सफरचंद. डॉक्टरीणबाई सांगलीच्या. चांगल्या घरच्या, परीटघडीची साडी. चित्रावर पेन आपटत सांगायच्या, "रोज एवढ्या कॅलरी पोटात गेल्याच पाहिजेत." सफरचंद मी तवर हातात बी धरलं न्हवतं.

"सकाळी काय खाल्लंस?"

"भाकरी. हुलग्याचं माडगं."

"आणि सुकडी?"

"खाल्ली की."

"खाल्ली असतीस तर वजन वाढलं असतं. काटा खोटं बोलत नाही."

म्हंजे मी बोलते. असं तोंडावर म्हनल्या न्हाईत, पर समद्यांस्नी कळलं.

तवा माझ्या ध्यानात आलं. मागल्या महिन्यात काट्यावर उभी ऱ्हायले तवा माझ्या पायात तोडं हुतं. आमच्यातलं चांदीचं तोडं, लग्नात घातल्यालं, पोकळ न्हाई, भरीव. उचलाय लागलं तर हाताला कळ लागंल असं. ते पायातनं कुनी काढत न्हाई. नवरा जिता असताना तर न्हाईच. पर पाय सुजत चाललं, तोडं मांसात रुतलं. रात रात ठनकायचं. शेवटी आत्तीनं सोनाराला गाठून ते पसरून काढलं. काढताना ती रडली. अपशकून म्हनली.

मी म्हनलं, "बाई, मागल्या येळंला पायात तोडं हुतं. आता न्हाईत. म्हनून वजन तेवढंच दिसतंय."

डॉक्टरीणबाई हसल्या. सिस्टरकडं बघून. "ऐकलंत? आता दागिन्यांची कारणं. या लोकांना खोटं बोलायला शिकवावं लागत नाही." मग नाकाला रुमाल लावला. माझ्या अंगाला मेंढराचा वास येत असंल. येनारच. "अंगणवाडीत कळवा, हिची सुकडी बंद करा. चल, उतर. पुढची."

झालं. तपासनी संपली. पोटाला हात न्हाई, दंडाला पट्टा न्हाई. वजन घेतलं आन माझं खरं-खोटं ठरवून मोकळ्या झाल्या.

माझ्या डोक्यात रागानं कसं भनाभना झालं म्हनून सांगू! आजवर मी कुनाला उलटून बोलले न्हवते. आत्तीला न्हाई, मालकाला न्हाई. पर पोटात पोरगं हललं आन मला वाटलं, हिथनं गप उतरले तर ह्याचं कुनी न्हाई.

"न्हाई उतरनार," मी म्हनलं.

"काय?"

मी लुगडं गुडघ्यापर्यंत वर केलं. समद्या बायकांदेखत. सरकारी दवाखान्यात, दार उघडं असताना. नडगीवर अंगठा दाबला आन काढला. खड्डा पडला तो पडलाच, भरंना.

"बगा," मी म्हनलं. "चांदी उतरली ती हिथं चढली. बगा की! का बगायला बी वास येतोय?"

कुनी हसलं न्हाई.

डॉक्टरीणबाईंनी रुमाल खाली घेतला. वाकल्या. पयल्यांदाच माझ्या अंगाला हात लावला. दंडाला पट्टा बांधला, फुगवला, परत फुगवला. तोंडाचा रंग उडाला. आन काय म्हनल्या ठावं हाय?

"हे आधी सांगायचं नाही का?"

आजच्या आज साताऱ्याला मोठ्या दवाखान्यात जा, म्हनल्या. दवाखान्याची जीप दारात उभी हुती. ती मिळाली न्हाई. भाईर बसल्याली आत्ती आन मी यष्टीनं गेलो. मी मागल्या सीटवर आडवी, आत्तीच्या मांडीवर डोकं. डोळ्यापुढं काजवं चमकत हुतं. आत्ती एकसारखी पोटावरनं हात फिरवत हुती आन शिव्या देत हुती, कुनाला ते तिलाच ठावं.

साताऱ्यात रक्तदाब लय वाढल्याला निघाला. पोट चिरून पोरगी काढली. ओंजळीएवढी. "उशीर केला असता तर दोघी गेल्या असत्या," तिथला डॉक्टर म्हनला.

पोरीला डोस पाजायला मी त्याच दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई गोड हसल्या. इतक्या गोड, की मला संशयच आला. माझ्याकडं बोट करून रांगंतल्या बायकांना सांगाय लागल्या, "ही बघा. आम्ही वेळेवर पाठवलं म्हणून वाचली."

मी म्हनलं, "तुमी न्हाई पाठवलं. मी उतरले न्हाई म्हनून वाचले."

मला कोन विचारतं, आता राग गेला का? न्हाई गेला. का जावा? माझं तोंड उघडलं म्हनून माझी पोरगी जिती हाय. ज्यांचं उघडलं न्हाई त्यांच्या पोरी कुठं हायत? माझ्याआधी त्या काट्यावरनं मान खाली घालून किती उतरल्या असतील?

तवापासनं वस्तीवरची कुनी बी पोटुशी दवाखान्यात निघाली की मी संगट जाते. वास येतो म्हना, अडानी म्हना, भांडखोर म्हना. मी टेबलाला चिकटून उभी ऱ्हाते आन एकच सांगते: बाईला आधी हात लावा. तिचं खरं-खोटं मागनं ठरवा.