लानवहिनीचा खांदा

मिआओ लान गेली तेव्हा त्रेसष्ट वर्षांची होती. भूकंपानंतर डॉक्टरांनी तिला पंधरा वर्षं सांगितली होती, म्हणजे त्यापुढे ती आणखी अठ्ठावीस वर्षं जगली. आम्हा सगळ्यांनाच तेवढीच सांगितली होती. मणका तुटलेल्या माणसाचं मूत्रपिंड आधी जातं, नाहीतर बसून बसून पडलेली जखम हाडापर्यंत चिघळते आणि त्यातच तो संपतो, असं तेव्हाचं शास्त्र होतं. हृदयाचं नाव कुणी काढलं नव्हतं. हृदय बिघडायलाही माणूस तेवढा जगावा लागतो.

मी तिची शेजारीण. चीनमधल्या थांगशान शहराच्या कडेला पांगळ्या जोडप्यांसाठी बांधलेली आमची वस्ती आहे. बैठी घरं, दारांना उंबरे नाहीत, चुलीचे ओटे गुडघ्याइतके. माझा मणका कमरेपाशी मोडला, तिचा छातीपाशी. आमच्यात नवीन माणसाची ओळख अशीच होते. नाव नंतर, आधी कुठून तुटलं ते.

भूकंपाच्या त्या जुलैतल्या पहाटेपर्यंत ती धान्याच्या सरकारी दुकानात तराजूवर होती. वीस वर्षांची, अंगानं थोराड, जिभेला धार. अंगावर तुळई पडली आणि बगलेखाली चार बोटांपासून खालचं सगळं शरीर तिला परकं झालं. जखमींना आगगाड्यांत घालून परप्रांतांत पाठवलं, तेव्हा ती दोन वर्षं दक्षिणेत राहिली. तिथून विणकाम शिकून आली आणि तिखट खायची सवय घेऊन आली. पस्तिशी ओलांडल्यावर तिनं लुआन युशानशी लग्न केलं. तो पूर्वी कपबशांच्या भट्टीवर कामाला होता. त्याचं माझ्यासारखंच, कमरेखालचं गेलेलं.

त्या काळी आमच्याकडे हातानं दांडा फिरवायच्या तीनचाक्या होत्या. लुआनदादा रोज सकाळी बाजाराला जायचा, जाऊन-येऊन आठ किलोमीटर. पाय वाळल्या काटक्यांसारखे, पण दंड असे की वस्तीत कुणाचंही कपाट सरकवायचं असलं तर त्यालाच हाक. लानवहिनीला मात्र ती गाडी जमेना. दांडा पुढे लोटला की ती त्याच्याबरोबर पुढे कोसळायची, कारण छातीखाली तिला सावरून धरणारं काही नव्हतंच. म्हणून ती घरी राहायची, विणत बसायची आणि तो आला की त्याची उलटतपासणी घ्यायची. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू यायचं.

“कांदे कुणाकडून घेतलेस?”

“त्या चष्मेवाल्याकडून.”

“त्याची सून आलीय का परत माहेरून?”

“मी कांदे घ्यायला गेलो होतो.”

“आठ किलोमीटर हात झिजवतोस आणि एवढंही बघून येत नाहीस. तुझ्यापेक्षा कांद्यांना जास्त माहीत असेल.”

अशी चौदा वर्षं गेली. मग भूकंपाला तीस वर्षं झाली म्हणून कुण्या कारखान्यानं वस्तीला विजेवर चालणाऱ्या गाड्या भेट दिल्या. हँडलांना लाल कागदी फुलं बांधून त्या रांगेनं उभ्या केल्या होत्या. मागे एक बैठक, तिला पट्टा. लुआनदादानं लानवहिनीला त्या बैठकीवर घेतलं, पट्टा दोनदा आवळला आणि तिला दक्षिणेच्या तलावावर घेऊन गेला. खाणींमुळे खचलेली ती जमीन. तिथे आता पाणी भरलंय, झाडं लावलीत. परत आल्यावर मी विचारलं तर म्हणाली, “एवढं पाणी होतं गं सूयिंग, आणि मी इथे स्वेटर विणत बसले होते.”

तेव्हापासून दोघं रोज बाहेर. बाजार तिनं ताब्यात घेतला, चष्मेवाल्याच्या सुनेशी तिची मैत्रीच झाली. हाताच्या तीनचाक्या कोळशाच्या खोपटामागे गंजत पडल्या. कुणाला त्याचं वाईट वाटलं नाही. तीस वर्षं पायांचं काम केलेले आमचे खांदे दुखून दुखून आले होते. चालवायला एक अंगठा पुरतो, हे सुख आम्ही मनसोक्त घेतलं.

सुखाला पोट सुटलं. आम्ही पुरुषांच्या ढेऱ्यांची थट्टा करायचो. मग लोक मरायला लागले, आणि ते मूत्रपिंडानं नव्हे. एकजण जेवता जेवता गेला, एकजण खुर्चीवरून पलंगावर सरकताना. आठ वर्षांत चौघं. लुआनदादा तेव्हा साठी ओलांडलेला. घराच्या दाराशी असलेली जराशी चढण चढतानाही थांबू लागला.

तेवढ्यात आमच्या दवाखान्यात फान नावाची तरुण डॉक्टरीण आली. तिनं सगळ्यांचं रक्त तपासलं आणि सभागृहात आम्हाला गोळा केलं.

“काका, मावशी, तुम्ही एवढी वर्षं मूत्रपिंड सांभाळलंत, आता हृदय सांभाळायला हवं,” ती म्हणाली. “शरीरातले सगळ्यात मोठे स्नायू पायांचे, आणि तुमचे तेच झोपलेत. खाल्लेलं जाळायला हातांशिवाय काही उरलेलं नाही, आणि हातही तुम्ही आता मांडीवर ठेवलेत.”

तिनं कार्यशाळेतून एक यंत्र बनवून घेतलं होतं. जुन्या सायकलीची पेडलं टेबलावर बसवलेली, ती हातांनी फिरवायची. आठवड्यातून तीनदा, अर्धा अर्धा तास. दम इतका लागायला हवा की बोलता येईल, पण गाता येणार नाही. यंत्रावर बसण्याआधी लघवी काढून टाकायची, नाहीतर भरल्या मूत्राशयानं रक्तदाब डोक्यात चढतो. ज्यांचं छातीपासून गेलंय त्यांना खालच्या अंगाला घाम येत नाही, म्हणून उन्हाळ्यात जवळ ओला पंचा ठेवायचा. खांद्यांना झेपेल तेवढंच करायचं.

शेवटी ती म्हणाली, “आणि एक लक्षात ठेवा. ज्यांचं वरून तुटलंय त्यांचं हृदय ओरडून सांगत नाही. छातीत कळ येईलच असं नाही. जबडा, खांदा, कपाळावर घाम, उगाच थकवा. असं काही झालं तर माझ्याकडे यायचं, वेळ बघायची नाही.”

लानवहिनी आणि मी मागच्या ओळीत होतो. ती माझ्या कानात पुटपुटली, “खांदा दुखला की यायचं म्हटलं तर हिला घरी जायलाच मिळणार नाही.” आम्ही दोघी तोंडावर हात धरून हसलो.

लुआनदादाला मोठ्या इस्पितळात नेलं. हृदयाच्या नळ्या अरुंद झाल्या होत्या. गोळ्या आल्या, मीठ गेलं आणि लानवहिनी त्याची जमादारीण झाली. लोणच्याची बरणी तिनं माझ्याकडे आणून ठेवली. यंत्राच्या दिवशी तीच त्याला टोचून टोचून सभागृहात न्यायची आणि शेजारी बसून फेरे मोजायची.

“तीनशे चार. तीनशे पाच. लुआन, तू बोलू शकतोस का?”

“शकतो.”

“मग जोरात फिरव. माझ्याशी बोलण्याइतकी ताकद उरता कामा नये.”

तिला स्वतःलाही व्यायाम दिलेला होता. वाळू भरलेल्या दोन बाटल्या, त्या उचलायच्या, आणि रबरी पट्टा ओढायचा. तिच्या नाडीबद्दल डॉक्टरीण म्हणाली होती की ती कितीही कष्ट केले तरी एकशे पंधराच्या वर जायची नाही, तेव्हा आकड्याकडे न बघता श्वासाकडे बघा. लानवहिनी म्हणाली, “म्हणजे माझं हृदय सरकारी नोकर आहे. कितीही काम टाका, आपल्याच चालीनं करणार.” सगळे हसले, डॉक्टरीणही. बाटल्या ती दहा-बारा वेळा उचलायची आणि मग मांडीवर विणकाम घ्यायची. तिच्या हृदयाचा आलेख काढायचा राहिला होता. त्याची आठवण केली की म्हणायची, “आधी ह्याचं मार्गी लागू दे.”

आणि त्याचं खरंच मार्गी लागलं. दीड-दोन वर्षांत त्याची ढेरी ओसरली, साखर उतरली, ती दारातली चढण तो न थांबता चढू लागला. सुरुवातीला यंत्रावर नंबर लावावे लागायचे, नंतर चार-पाच जणच उरले, पण तो एक दिवस चुकला नाही. डॉक्टरीण त्याचे कागद बाहेरून आलेल्या लोकांना दाखवायची.

मग तो नोव्हेंबर आला. बेगमीच्या कोबीचे दिवस होते. अंगणाअंगणात कोबीचे गड्डे सुकत पडलेले. लानवहिनी दोन दिवस दमलेली होती. तिच्या अंगणातला कोबी तसाच उघड्यावर राहिला. मी विचारलं तर म्हणाली, चेस्टनट जास्त खाल्लेत, घशाशी येतंय. तिसऱ्या दिवशी दुपारी लुआनदादा यंत्रावर गेला, एकटाच. तिनं मला हाक मारली.

“सूयिंग, जरा बघ गं. डावा खांदा धरलाय. मानेपर्यंत चढलंय.”

“रात्रभर स्वेटर विणलास ना?”

“विणला तर खरा.”

माझ्याकडे करडईच्या फुलांचं उग्र वासाचं औषधी तेल होतं. ते घेऊन मी आले. तिचा सदरा खाली केला आणि अंगठ्यानं रगडत बसले. चांगला अर्धा तास. तिच्या कपाळावर घाम होता. मी म्हटलं, तेल गरम पडतंय तुला. ती म्हणाली, असेल. मध्येच म्हणाली, “तुझ्या हाताला ताकद आहे अजून.” मग चष्मेवाल्याच्या सुनेला दिवस गेल्याचं सांगितलं. नेहमीसारखं पाल्हाळ लावलं नाही, दोन वाक्यांत संपवलं. मला ते जाणवलं, पण ते का, हा विचार मी केला नाही.

थोड्या वेळानं ती म्हणाली, “आडवं व्हावंसं वाटतंय.” तिला पलंगावर घेणं माझ्या एकटीच्या हातचं नव्हतं. लुआनदादा आल्यावर त्यानं सरकायची फळी लावली, आम्ही दोघांनी तिला ओढून घेतलं. मी घरी आले आणि बाजरीची पेज टाकली. पेजेला उकळी फुटायच्या आत त्यानं भिंतीवर मूठ आपटली.

डॉक्टरीण धावत आली, मागून रुग्णवाहिका. इस्पितळात पोचेपर्यंत ती संपली होती. हृदयाचा झटका, आणि तो नुकता आलेला नव्हता. डॉक्टर म्हणाले, एक-दोन दिवस चालू असावा.

फान डॉक्टरीण व्हरांड्यात माझ्यासमोर उकिडवी बसली. आमच्याशी बोलताना ती नेहमी अशीच खाली बसायची.

“मावशी, दुपारी तुम्ही त्यांच्याजवळ होतात ना? काही म्हणाल्या होत्या?”

“दमल्ये म्हणाली,” मी म्हणाले.

“खांदा? जबडा?”

“नाही. मला काही बोलली नाही.”

तिनं मान हलवली. तिचे डोळे भरून आले होते. तिच्या चेहऱ्याकडे मला बघवेना.

लुआनदादा त्यानंतर यंत्रावर गेला नाही. डॉक्टरीण घरी यायची, नाडी बघायची, समजावायची. तो ऐकून घ्यायचा. एकदा माझ्यादेखत म्हणाला, “आमच्या घरात दोन हृदयं होती, डॉक्टर. सगळ्यांनी मिळून एकच सांभाळलं.” ती म्हणाली, “चूक माझी आहे, आलेख मीच ओढून काढायला हवा होता.” तो म्हणाला, “तिला कुणी कुठे ओढलंय?”

मी मात्र यंत्रावर जायला लागले. आधी दहा मिनिटांत जीव घाबरायचा, आता अर्धा तास होतो. डॉक्टरीण म्हणते, माझं हृदय वयाच्या मानानं ठणठणीत आहे. हे ऐकून मला बरं वाटत नाही.

लुआनदादाचं वजन पुन्हा वाढलं. तिच्यामागे दोन हिवाळे त्यानं त्या घरात काढले. मग पलंगावर सरकताना उजव्या खांद्यातला स्नायू तुटला, आणि एका हातानं पांगळ्याला एकट्यानं राहता येत नाही. त्याला दवाखान्याच्या इमारतीत हलवलं. त्यांच्या घरात आता साहित्याचं कोठार आहे. दर शनिवारी मी त्याच्याकडे जाते. मुगाच्या पापुद्र्यांची आंबट भाजी त्याला आवडते, ती नेते. थोडंसं खातो.

गेल्या माघात एका शनिवारी मी त्याला सगळं सांगितलं. खांदा, तेल, घाम, अर्धा तास, आणि डॉक्टरिणीशी बोललेलं खोटं. तो खिडकीकडे तोंड करून पडला होता.

“ठाऊक आहे,” तो म्हणाला.

“कुणी सांगितलं?”

“सांगायला कशाला हवं? पलंगावर घेताना तिच्या मानेला तेलाचा वास होता. तो वास वस्तीत कुणाला ओळखू येत नाही?”

“मग एवढी वर्षं बोलला का नाहीस, दादा?”

“बोलून काय होणार होतं? वास मलाही आला होता, सूयिंग. मीही त्या सभेत बसलो होतो. वास आला आणि मला वाटलं, बरं झालं, चोळून घेतलंन.”

बाहेर बर्फ भुरभुरत होतं. मग तो म्हणाला, पायांवर रजई घाल, उघडे पडले असतील. मी बघितलं. उघडेच होते.