लेयाबाईंची रांगेतली जागा

लेयाबाई वाकरुळकर पनवेलच्या सरकारी दवाखान्यात तीस वर्षं परिचारिका होत्या. माझ्या शाळेतल्या निम्म्या मुलांना त्यांनी टोचलं होतं. सुई आत जायच्या आधीच "झालंसुद्धा!" म्हणायची त्यांची सवय होती. १९९१ साली त्या निवृत्त झाल्या, तेव्हा नवरा वारला होता आणि मुलगी मिरियम लग्न होऊन इस्रायलला गेली होती. आठवड्यातली एकच ठरलेली गोष्ट उरली होती, ती म्हणजे शनिवारचं सिनेगॉग, ज्यूंचं प्रार्थनामंदिर.

तिथं शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, प्रार्थनेनंतर एकाच पेल्यातून सगळ्यांना घोट घोट सरबत देतात. काळे मनुके भिजवून, कुस्करून, गाळून ते करायचं. ते काम लेयाबाईंचं. सरबत त्यांचं, पण घोट त्या सगळ्यांत शेवटी घेत. त्यांची आई शेगुल्लाबाई तसंच करायची. "करणारीनं आधी पिऊ नये, बरं दिसत नाही," असं तिनं शिकवलं होतं. तेच लेयाबाईंनी मिरियमला शिकवलं.

त्या वर्षी एफ्राइम सर नावाचे तरुण शिक्षक मुंबईहून दर रविवारी दुपारी मोठ्या माणसांचा वर्ग घ्यायला येऊ लागले. बेने इस्राएल, म्हणजे हे मराठी ज्यू, कोकणात कसे आले, तेलाचे घाणे कसे चालवत, शनिवारी घाणा बंद म्हणून शनवार तेली हे नाव कसं पडलं, असे विषय. माहीत असलेलंच पुन्हा ऐकायला चौदा-पंधरा जण जमत. लेयाबाई वहीत तारीख घालून लिहीत.

चौथ्या रविवारी सरांनी जुन्या भेदाबद्दल सांगितलं. ज्या घरात कधी बाहेरच्या जातीतली बायको आली, त्या घराला काळे इस्राएल म्हणत, बाकीचे गोरे. "कातडीच्या रंगाशी काही संबंध नाही," सर म्हणाले. "सोयरीक नाही, बसायची जागा वेगळी, आणि शब्बाथचा पेला त्यांना सगळ्यांत शेवटी."

"आता कुठं राहिलंय असलं!" मागून कोणीतरी म्हणालं.

लेयाबाईंनी लिहिणं थांबवलं. पुढचे दोन शनिवार आणि मधला रविवार त्या फिरकल्याच नाहीत.

मग रविवारी सकाळी मुकादम हनोखकाका त्यांच्या घरी आले. मुकादम म्हणजे जमातीचा प्रमुख. वय ऐंशी.

"दोन आठवडे बाटलीतलं सरबत पितोय. त्यापेक्षा खोकल्याचं औषध बरं. आजारी आहेस का गं?"

"काका, माझी आजी कोण होती?"

काकांनी काठी भिंतीला टेकवली. ती घसरून पडली. ती उचलण्यात त्यांनी बराच वेळ घेतला.

"साराबाई."

"साराबाई व्हायच्या आधी?"

"भामा. जासईची, मिठागरवाल्या आगऱ्यांची. तुझे आजोबा तेल विकायला तिकडे जात. एकदा तिला घेऊनच आले."

"आजी 'आमी नाय' म्हणायची. मला वाटायचं, खेड्यात राहिली म्हणून."

"पण तिच्याइतका कडक शब्बाथ कोणी पाळला नाही. शनिवारी चूल पेटवली म्हणून माझ्या आईलासुद्धा ओरडली होती."

"आणि पेला?"

"माझ्या वडिलांच्या हातात असायचा."

"नंतर तुमच्या. आधी आई मागं उभी राहायची, मग मी. तुम्हांला माहीत होतं."

"होतं. तू आपणहून मागं राहायचीस. म्हटलं, कशाला उकरून काढा. चुकलं ते. येत्या शनिवारी पहिला तुला देतो."

"पहिला नको. त्याचीही चर्चा होईल. मधे कुठंतरी उभी राहीन."

"मग आज वर्गाला ये. वंशावळी मांडायच्या आहेत."

"तेच तर ठरत नाहीये, काका."

सारा लिहिलं असतं, तर कोणाला काही कळलं नसतं. भामा लिहायचं म्हणजे जन्मापासून ओळखणाऱ्या माणसांसमोर ते नाव घ्यायचं. शिवाय मिरियमचे सासूसासरे मूळचे पनवेलचेच. इथली बातमी पंधरा दिवसांत पत्रानं तिकडे पोचायची. हे सगळं लेयाबाईंनी मला नंतर सांगितलं, तारखांसकट.

दुपारी त्या वर्गात गेल्या. त्यांची पाळी आली तेव्हा सर खडू घेऊन फळ्यापाशी उभे होते.

"आईची आई?"

"भामा," लेयाबाई दवाखान्यात नाव पुकारावं तशा मोठ्यानं म्हणाल्या. "जासईची, आगरी. आमच्यात आल्यावर सारा."

एक खुर्ची करकरली. "म्हणजे शेगुल्लाबाई..." कोणीतरी कुजबुजलं.

"हो, माझ्या आईचीच आई," लेयाबाई मागं न वळता म्हणाल्या.

सर घुटमळले. "सारा लिहू ना?"

"दोन्ही लिहा. आधी भामा."

सरांनी लिहिलं आणि शेजारच्या बाईंकडे वळले. त्या आपल्या वहीतल्या नावांकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझं पुढच्या रविवारी घ्या, सर. घरी जरा विचारावं लागेल."