एका मताचा चेअरमन

हसू नका, आधी चहा घ्या! माझी अब्रू गेली ती एका जांभळ्या पेनापायी, ते आज सांगूनच टाकतो.

मी डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला एका छोट्या दूध संस्थेचा सचिव. सभासद नऊ संचालक निवडतात आणि ते नऊ जण चेअरमन निवडतात. पण हात वर करून! समोर तात्या बसलेले असताना दुसऱ्यासाठी हात वर करायची कुणाची छाती? त्यामुळे दरवेळी तात्याच चेअरमन.

यंदा हिराबाई उभ्या राहिल्या, वरच्या वाडीच्या संचालिका. त्यांचं म्हणणं एकच, दुधाचा टेम्पो वाडीपर्यंत गेला पाहिजे. बाया रोज डोक्यावर किटल्या घेऊन डोंगर उतरतात हो! मलाही मनातून हिराबाईच हव्या होत्या.

मग मी टीव्हीवर पाहिलेली अक्कल पाजळली. "राष्ट्रपती कोण निवडतं? तुम्ही-आम्ही? छे! आपण निवडलेले खासदार-आमदार. गुपचूप, पसंतीचा आकडा लिहून, आणि तोही तिथं दिलेल्या जांभळ्या पेनानंच. दुसरं पेन वापरलं की मत बाद!"

"मंग आमी बी खासदारच की!" तात्या लई खूश. "व्हऊ द्या तसंच."

घोडेगावातून नवंकोरं जांभळं पेन आणलं. कोपऱ्यात पडदा बांधला. पेन मी हातात द्यायचं, मत देऊन मलाच परत करायचं. काय तो माझा रुबाब!

पहिले तात्या. मत दिलं, पेन परत केलं. तेवढ्यात टेम्पोवाला पावतीवर सही मागायला आला. सही केली. पुढचे संचालक आले, त्यांना टेबलावरचं पेन दिलं. सगळं कसं सुरळीत!

पेटी उघडली. पहिली चिठ्ठी जांभळी, तात्यांना. दुसरी निळी. तिसरी निळी. पहिली सोडून आठही निळ्या!

"आता वं?" हिराबाईंचा आवाज बारीक झाला.

नियम माझाच. काय करणार? "आठ मतं बाद. तात्या एका मतानं विजयी."

"सचिव, आमाला त्ये पेन तुमीच दिलं की!" बाकीचे संचालक ओरडले.

"मी? कुणीतरी मुद्दाम बदललंय!" मी टेबल आपटलं. "चौकशी लावतो एकेकाची!"

तात्या शांतपणे माझ्याकडे बघत होते. "सचिव, छातीवर काय सांडलंय?"

खाली पाहिलं. पांढऱ्या शर्टाच्या खिशातून जांभळी शाई थेट पोटापर्यंत! सही झाली की पेन खिशात, तीस वर्षांची सवय. असा शरमलो म्हणून सांगू!

तात्यांनी मनात आणलं असतं तर खुर्ची त्यांचीच होती. पण ते म्हणाले, "एका मताचा चेअरमन? त्ये बी माझंच मत! लोकं काय म्हंतील, राव? घ्या पुन्ना."

पुन्हा घेतलं. हिराबाईंना पाच, तात्यांना चार. पहिला हार तात्यांनीच आणला. खरं सांगतो, मला भरून आलं.

टेम्पो आता रोज वाडीपर्यंत जातो. पण तो हिराबाईंचा दुसरा ठराव. पहिला एकमतानं मंजूर झाला: 'मतदानाच्या दिवशी सचिवांनी बिनखिशाचा शर्ट घालावा.'

तो ठराव मीच लिहून काढला, खाली झोकात सही केली, आणि पेन खिशात ठेवून दिलं.