आज कुणाला बघायचं?

माझा दोस्त बसवराज गेला, त्यानंतरच्या त्याच्या शिवगणाराधनेला मी त्याच्या थोरल्या भावाच्या फोटोला हार घातला. थोरला भाऊ जिवंत आहे आणि त्या वेळी माझ्या मागेच उभा होता.

आता यात माझी चूक किती ते सांगतो. भिंतीवर एक फोटो होता, खाली खुर्चीत एक. दोघा भावांची मिशी सारखी, टोपी सारखी, कपाळावरचा भस्माचा पट्टा सारखा. खुर्चीतल्या फोटोपुढं समई होती, उदबत्ती होती, आधीचे पाचसहा हार होते, हे सगळं खरं... पण माझं लक्ष भिंतीकडं गेलं. स्टूल ओढून, चप्पल काढून, डोळे मिटून मी हार घातला आणि वळलो, तर समोर शिवप्पाअण्णा. माझ्याकडं बघून म्हणाले, "दिगंबर, मला अजून वेळ हाय की रे." सगळा मंडप हसला. रडून लाल झालेल्या डोळ्यांनी बसूच्या बायकोनं, महादेवीवहिनींनीही पदर तोंडाला लावला. बसू असता तर तो सगळ्यांत मोठ्यानं हसला असता आणि मग म्हणाला असता, "ह्याला बघायचं कुटं ते कधीच कळलं न्हाय."

हे वाक्य तो मला शाळेपासून ऐकवत आला होता, आणि ते त्याला शोभायचं. बसूइतकं बघणारा माणूस मी पाहिला नाही. नवी पेठेत त्याचं चादरी-टॉवेलचं दुकान. गिऱ्हाईक चादर उलगडून वरचं फूल बघायचं. बसू तीच चादर उलटी करून आधी पाठ बघायचा. पाठीवर धागा कुठं सैल सुटलाय, रंग कुठं पसरलाय, हे बोटानं चाचपत राहायचा. मी सरकारी कचेरीतून सुटलो की त्याच्या गादीवर जाऊन बसायचो आणि जगातल्या सर्व विषयांवर बोलायचो. तो ऐकायचा. म्हणजे मला वाटायचं, ऐकतोय. तो बहुतेक गिऱ्हाइकांच्या चपला बघत असायचा. कोण घेणार आणि कोण नुसतं बघून जाणार, हे तो चपलांवरून सांगायचा, आणि ते खरं व्हायचं.

आमच्या दोघांचा एक पिक्चर होता. त्याचं खरं नाव आम्ही कधीच घेतलं नाही. घरात, दुकानात, सगळीकडं त्याला 'आरशाचा पिक्चर' म्हणायचे. पोरवयात शहराच्या पूर्व भागातल्या एका थिएटरात आम्ही तो तेलुगूतून पाहिला. एक दुष्ट मांत्रिक राजकन्येला आरशात कोंडून ठेवतो आणि एक राजपुत्र आपल्या जाड्या, बडबड्या मित्राला घेऊन तिला सोडवायला निघतो, एवढीच गोष्ट. बसूच्या घरी कानडी, त्यामुळं त्याला निम्मं तरी कळत होतं. मला ओ की ठो कळत नव्हतं, पण तसं कबूल करणं माझ्या स्वभावात नाही. मी मनानंच कथा रचली. मांत्रिक हा राजकन्येचा बाप असून ती अभ्यास करत नाही म्हणून त्यानं तिला कोंडलंय, असं मी कितीतरी वर्षं धरून चाललो होतो. शेवटी राजपुत्र त्याला तलवारीनं मारतो तेव्हा मला थोडं वाईटही वाटायचं. सासरा होता ना त्याचा!

पुढं कॅसेट आली, सीडी आली, मग पिक्चर मोबाईलवर आला आणि तिथून टीव्हीवर. आमचा नेम मात्र तोच राहिला. संक्रांतीला भरणारी गड्ड्याची जत्रा संपली की पहिल्या रविवारी दुपारी बसूच्या घरी जमायचं. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही. पिक्चर लावण्याआधी बसू विचारायचा, "आज कुणाला बघायचं?" हा त्याचा नियम होता. दर खेपेला पिक्चरमधलं एकच माणूस धरायचं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत नजर त्याच्यावरच ठेवायची, मग ते कोपऱ्यात उभं असो की गर्दीत. जणू पिक्चरही त्याला उलटा करून बघायचा होता.

त्याला काय काय दिसायचं! मांत्रिक राजकन्येशी बोलण्याआधी दर वेळी आपल्या बाहीनं आरसा पुसतो, हे त्याला एका वर्षी दिसलं. "अरे, ह्याचं तिच्यावर प्रेम हाय," बसू हळहळून म्हणाला, "फक्त बोलायचं कसं ते ठाऊक न्हाय येड्याला." दुसऱ्या वर्षी त्यानं मांत्रिकाची म्हातारी दासी धरली. ती अख्ख्या पिक्चरमध्ये एक शब्द बोलत नाही. पण गुहेचं दार रात्री उघडं राहतं, ज्यातून राजपुत्र आत शिरतो, ते तीच उघडं ठेवते. पाठमोरी आहे, क्षणभरच दिसते, कडीवरचा हात तेवढा दिसतो. मी पिक्चर मागं घेऊन पुन्हा बघितलं तेव्हा कुठं मला तो हात दिसला. एका वर्षी त्यानं घोडा धरला होता. राजपुत्राचा एकच घोडा म्हणून दोन घोडे वापरलेत आणि ते सारखे दिसावेत म्हणून एकाच्या कपाळावर रंग लावलाय, हे त्यानं शोधून काढलं आणि दिवसभर खूश होता.

मला कुणाला बघायचं असं विचारलं की मी म्हणायचो, "हिरो." दर वर्षी हिरो. बसू म्हणायचा, "हिरोला सगळं गाव बघतंय. त्याला मी शेवटाला ठेवलाय."

गेल्या दीडदोन वर्षांत बसू बदलला. दुकान पोरानं बघायला घेतलं होतं. संध्याकाळी आम्ही फिरायला निघालो की तो माझ्या खांद्यावर हात ठेवायला लागला. आधी कधी असं नव्हतं. मिठ्या मारणाऱ्यांतला तो नव्हताच. मी भलताच सुखावलो. बायकोला सांगितलं, कट्ट्यावरच्या मंडळींना सांगितलं, की बसू म्हातारपणी हळवा झाला, मला क्षणभर सोडत नाही. छाती काढून, हातवारे करत, मोठमोठ्यानं बोलत मी चालायचो. एकदा तो उघड्या गटारात पाय घालून बसला. मी खेकसलो, "बघून चाल की!" तो म्हणाला, "तू गटारापाशी येऊन गप का न्हाय झालास?" मला वाटलं, गंमत करतोय. मी हसलो. तोही हसला.

यंदा जत्रा झाली. रविवार आला. भाकरी, चटणी, सगळं मांडलं. मी काही बोलण्याआधीच बसू म्हणाला, "आज हिरो. पण मी न्हाय बघणार. तू बघायचं आणि मला सांगायचं."

मला हा माझा गौरव वाटला. इतक्या वर्षांनी उस्तादानं शागिर्दाची परीक्षा घ्यावी तसं. मी सुरू केलं. तलवार काढली, घोड्यावर बसला, केस उडवले. बसू म्हणाला, "ते न्हाय रे. त्याचं सांग." मी आणखी जोर लावला, मुकुटाचे खडे मोजायला लागलो. तेवढ्यात दोरीच्या पुलाचा प्रसंग आला. राजपुत्र आणि जाड्या मित्र दरीवरचा पूल ओलांडतात. मित्र पुढं, बडबड करत; राजपुत्र मागं.

"हात कुटं हाय त्याचा?" बसूनं विचारलं.

"मित्राच्या खांद्यावर. दोस्ती आहे ना त्यांची."

"आणि बघतोय कुटं?"

मी पुढं वाकलो. राजपुत्र दरीत बघत नव्हता, पुलाकडं बघत नव्हता, मित्राकडं तर नाहीच. "कुठंच बघत नाही," मी म्हणालो.

"त्याच्या आधी काय झालं?"

आधी मांत्रिकानं त्याच्या तोंडावर राख उडवली होती. ती मी दर वर्षी पाहिली होती. पुलानंतर झऱ्यावर तो डोळे धुतो, तेही पाहिलं होतं. मला वाटायचं, दमलाय म्हणून तोंड धुतोय. मधला अख्खा पूल तो आंधळा असतो... आणि मी इतकी वर्षं त्याला दोस्ती म्हणत होतो. हे सांगायला मी उत्साहानं बसूकडं वळलो. तो टीव्हीकडं तोंड करून बसला होता, पण नीट टीव्हीकडं नाही. टीव्हीच्या शेजारच्या कपाटाकडं.

भाकरीचा तुकडा माझ्या हातातच राहिला. "कधीपासून?" मी विचारलं.

"लई दिवस झालं. साखरेनं खाल्ले डोळे. आता उजेड-अंधार तेवढा कळतो."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू हळू चालला असतास," बसू म्हणाला. "हात धरून, 'जपून रे, खड्डा हाय रे' करत. मला तसं न्हाय फिरायचं. तू जसा चालतोस तसाच चाल. पेठेत कुणाला सांगू नकोस. आणि आता पुढचं सांग, झऱ्यावर त्याला पहिलं काय दिसतं?"

मी बघितलं. पहिल्यांदाच नीट बघितलं. "मित्राचं तोंड," मी म्हणालो. बसू मान डोलवत हसला. त्यानंतर आम्ही पूर्वीसारखेच फिरलो. मी मुद्दाम जोरात चालायचो, आणि त्याचा हात खांद्यावर आला तरी बोलणं थांबवायचो नाही. तेवढं एक काम मला जमलं असं मला वाटतं. थोड्याच महिन्यांत, झोपेतच, त्याचं हृदय थांबलं.

परवा रविवारी दुपारी वहिनींनी मला बोलावलं. जत्रेला अजून अवकाश होता, पण टीव्हीवर आरशाचा पिक्चर लावलेला होता. माझ्याकडं ताट सरकवत त्या म्हणाल्या, "आज कुणाला बघायचं, भाऊजी? मी तर त्या जाड्याला बघणार." इतकी वर्षं त्या स्वयंपाकघराच्या दारातून ये-जा करत तुकड्यातुकड्यानं हा पिक्चर बघत होत्या, समोर बसून पहिल्यांदाच बघत होत्या. पूल आला, गेला. झरा आला, गेला. पिक्चर संपेपर्यंत वहिनींची नजर जाड्यावरून हलली नाही.

"काय दिसलं?" मी विचारलं.

"त्या जाड्याला शेवटपर्यंत कळत न्हाय की मागचा आंधळा झालाय. नुसतं तोंड चालू."

"पण पूल तर पार करून दिला ना त्यानं?" मी जरा भाव खात म्हणालो. "मित्र म्हणून बसूनं मलाही रोज बरोबर नेलं. माझ्या गप्पा त्याला आवडायच्या, वहिनी."

"गप्पा कसल्या डोंबलाच्या," वहिनी ताटं उचलत म्हणाल्या. "तुमच्या बोलण्यातला शब्द न् शब्द त्यांना पाठ होता. रस्त्यात कायबी आडवं आलं की तुमी आपसूक गप होता, त्यावरनं त्यांना कळायचं, म्हणून न्यायचे तुमाला."